संमोहनोपचार

संमोहनोपचार : माणसाचे लक्ष एखाद्या गोष्टीवर खोलवर एकाग्र करवून, त्या अवस्थेत दिलेल्या सूचनांच्या साहाय्याने वेदना, भीती किंवा शारीरिक तक्रार हलकी करण्याची पद्धत. ‘मोहनिद्रा’ हा जुना शब्द मराठीत रुळला असला तरी तो फसवा आहे. संमोहित माणूस झोपलेला नसतो. त्याला आजूबाजूचे ऐकू येते, न पटणारी सूचना तो झिडकारू शकतो आणि वाटलेच तर उठून घरीही जाऊ शकतो. ‘भररस्त्यात संमोहित करून दागिने लांबवले’ अशा बातम्यांमागे बहुधा बोलबच्चनपणा, हातचलाखी किंवा गुंगीचे औषध असते.

ही पद्धत बदनाम झाली ती जन्मापासूनच. फ्रान्झ अँटन मेस्मर (१७३४–१८१५) हा डॉक्टर ‘प्राणिज चुंबकत्व’ नावाचा अदृश्य प्रवाह रोग्यांच्या अंगात सोडत असल्याचे सांगे आणि पॅरिसमध्ये त्याच्याकडे रीघ लागे. १७८४ मध्ये राजा सोळाव्या लुईने चौकशी समिती नेमली. तीत बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए होते. फ्रँकलिन यांच्या बागेत जर्दाळूचे एक झाड ‘भारून’ ठेवण्यात आले आणि बारा वर्षांच्या एका मुलाला डोळे बांधून झाडाझाडापाशी नेण्यात आले. चौथ्या झाडाशी पोरगा बेशुद्ध पडला. भारलेले झाड मात्र भलतेच होते. प्रवाह वगैरे काही नाही, हा सारा कल्पनेचा खेळ आहे, असा निष्कर्ष निघाला. तो अचूकच होता. पण नुसत्या कल्पनेने पोरगा कोसळतो कसा, हा खरा प्रश्न होता, आणि समितीने तो तसाच सोडून दिला.

तो उचलला एका गोमंतकीयाने. बार्देशातल्या कांदोळीत १७५६ मध्ये जन्मलेले पाद्री जुझे कुस्तोदियु द फारिया, म्हणजेच आबे फारिया, यांनी १८१३ पासून पॅरिसमध्ये जाहीर प्रयोग केले. ना चुंबक, ना प्रवाह. रोग्याला शांत बसवायचे, लक्ष एकाग्र करायला सांगायचे आणि ‘झोपा’ असा हुकूम सोडायचा. जे घडते ते संमोहकाच्या शक्तीने नव्हे, समोरच्याच्या ग्रहणशीलतेमुळे, हा त्यांचा सिद्धांत आजच्या मानसशास्त्राच्या फार जवळचा आहे. पॅरिसने मात्र त्यांची टर उडवली. रंगभूमीवर त्यांच्यावर प्रहसनही आले. १८१९ मध्ये, त्यांचा ग्रंथ छापला गेला त्याच वर्षी, ते वारले. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी त्यांचा पुतळा आहे. त्यात एक स्त्री कोसळते आहे आणि फारिया हात पसरून तिच्यावर झुकले आहेत. शिल्प देखणे आहे, पण संमोहकाची जी अद्भुत शक्ती त्यांनी आयुष्यभर नाकारली, तीच त्यात कोरलेली दिसते.

पुढे मँचेस्टरच्या जेम्स ब्रेड या शल्यविशारदाने १८४३ मधील आपल्या ग्रंथातून ‘हिप्नॉटिझम’ ही संज्ञा रूढ केली. बंगालमध्ये हुगळीला जेम्स एस्डेल यांनी १८४५ पासून संमोहनाखाली अनेक मोठ्या शस्त्रक्रिया केल्या. लवकरच ईथर आणि क्लोरोफॉर्म ही भुलीची औषधे आली, आणि तासन्‌तास रुग्णाच्या अंगावरून हात फिरवत बसण्याची गरज उरली नाही.

विसाव्या शतकात मोजमाप सुरू झाले. स्टॅनफर्ड विद्यापीठात वाइट्झनहॉफर आणि हिलगार्ड यांनी १९५९ मध्ये संमोहनक्षमतेची मापनश्रेणी तयार केली. काही जण सहज संमोहित होतात, काही मुळीच होत नाहीत, बहुतेक मधले असतात. आणि हा गुण वयासोबत फारसा बदलत नाही. पंचवीस वर्षांनी त्याच माणसांची पुन्हा चाचणी घेतली तेव्हा गुणांचा सहसंबंध ०.७१ आला (१ म्हणजे पूर्ण जुळणी). ही वेगळी मनोवस्था की अपेक्षा आणि सहकार्याचा परिणाम, यावर तज्ज्ञांचे आजही एकमत नाही.

पुरावा सर्वांत भक्कम आहे तो वेदना आणि पोटाच्या तक्रारींबाबत. १९९७ च्या एका प्रयोगात संमोहित व्यक्तींचे हात कढत पाण्यात बुडवून वेदनेचा त्रासदायकपणा सूचनेने कमीजास्त करण्यात आला. त्यानुसार मेंदूच्या भावनेशी निगडित भागातील हालचालही बदलली. स्तनाच्या शस्त्रक्रियेपूर्वी पंधरा मिनिटे संमोहन दिलेल्या स्त्रियांना भूल कमी लागली आणि नंतरचा त्रासही कमी झाला, असे दोनशे स्त्रियांच्या २००७ मधील चाचणीत आढळले. आयबीएस या आतड्याच्या चिवट विकारावर मँचेस्टरमध्ये पीटर व्हॉरवेल यांनी १९८४ मध्ये तीस रुग्णांची चाचणी प्रसिद्ध केली. संख्या लहान होती, पण फरक ठळक होता. बारा महिने औषधांनी गुण न आल्यास या उपचाराचा विचार करावा, असे उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने २००८ मध्ये सुचवले. अडचण अशी, की औषधाच्या चाचणीत तुलनेसाठी साखरेची गोळी देता येते, खोटे संमोहन देणे अवघड. त्यामुळे अशा चाचण्यांत अपेक्षेचा वाटा वेगळा काढणे कठीण जाते.

धूम्रपान सोडवण्याचा दावा जाहिरातींत सर्वाधिक दिसतो, पण इतर पद्धतींहून संमोहन सरस असल्याचा भरवशाचा पुरावा नाही. दडलेल्या आठवणी उकरण्यासाठी तर ते वापरूच नये. संमोहनात आठवलेले अधिक खरे नसते. आठवणाऱ्याची खात्री तेवढी वाढते, असा इशारा अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९८५ मध्ये दिला. ‘पूर्वजन्मदर्शन’ हा याच दोषाचा बाजार आहे.

महाराष्ट्रात बहुतेकांची संमोहनाशी पहिली ओळख होते ती रंगमंचावर, सफरचंद म्हणून कांदा खाणाऱ्या स्वयंसेवकाला बघून. तिथे चटकन संमोहित होणारेच हेरून वर बोलावले जातात, हे प्रेक्षकांच्या लक्षात येत नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २००३ मध्ये संमोहनोपचाराला स्वतंत्र वैद्यकशाखा म्हणून नव्हे, उपचाराची एक रीत म्हणून मान्यता दिली. तो नोंदणीकृत व्यावसायिकांनी किंवा योग्य प्रशिक्षितांनी करावा, अशी अट घातली. ‘योग्य प्रशिक्षण’ म्हणजे किती, ही फट मोठी आहे. दोन दिवसांच्या शिबिराचे प्रमाणपत्र भिंतीवर टांगणारे तिच्यातूनच आत येतात. म्हणून उपचारकाच्या संमोहनाच्या प्रमाणपत्राआधी त्याची मूळ पदवी विचारावी : मनोविकारतज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, भूलतज्ज्ञ की दंतवैद्य. छिन्नमनस्कतेसारख्या (स्किझोफ्रेनिया) आजारात भ्रम बळावण्याचा धोका असल्याने तेथे हा प्रयोग सहसा टाळतात, आणि तो आजार ओळखणे शिबिरात शिकवले जात नाही.