ऑफिसच्या संगणकाचा नेटवर्क बॅकअप : अर्ज कोणी करायचा, कागद कोणते लागतात, फाइल परत कशी मिळते

"भो, सगळं डेस्कटॉपवरच होतं ना!" आमच्या जळगाव ऑफिसातल्या हिशोबनीसांचं हे वाक्य मी विसरू शकत नाही. भर मे महिन्यात त्यांची हार्ड डिस्क गेली. बॅकअप रोज रात्री न चुकता होत होता, पण त्यांच्या अर्जात डी ड्राइव्हवरचं एकच फोल्डर लिहिलेलं होतं. केळी उत्पादकांचे तीन वर्षांचे हिशोब होते डेस्कटॉपवर, आणि डेस्कटॉप असतो सी ड्राइव्हवर. ते हिशोब परत मिळाले नाहीत. त्यानंतर आम्ही अर्जाचा नमुना बदलला.

अर्ज करता येतो तो ऑफिसच्या मालकीच्या, नेटवर्कला जोडलेल्या संगणकासाठी. कर्मचारी कायम असो वा कंत्राटी, फरक पडत नाही. स्वतःचा लॅपटॉप चालत नाही. विंडोज ७ ची मशीन आधी बदलून घ्या. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय हा, फाइली कुलूपबंद करून पैसे मागणारा खंडणीखोर व्हायरस पसरला तो विंडोजच्या फाइल शेअरिंगमधल्या त्रुटीतून, आणि तशी एक जुनी मशीन सगळ्या ऑफिसला धोक्यात घालते.

कागद मोजकेच आहेत : भरलेला अर्ज, ओळखपत्राची प्रत, विभागप्रमुखांची सही. संगणकाचा डेडस्टॉक नंबर, म्हणजे ऑफिसच्या मालमत्तेच्या नोंदीतला क्रमांक, रजिस्टरमधूनच उतरवा. मशीनवरचं स्टिकर बऱ्याचदा जुन्या संगणकाचं असतं. नेटवर्कवरचं नाव सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट इथे दिसतं.

खरा वेळ द्यायचा तो रकाना ५ ला : 'फाइल कुठे ठेवता?' इथे 'माझ्या संगणकात' असं लिहून अर्ज येतात, ते आम्ही परत पाठवतो. फाइलवर राइट क्लिक करा, प्रॉपर्टीज उघडा, 'लोकेशन'समोर जे दिसेल ते जसंच्या तसं उतरवा. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्स तिन्ही लिहा. टॅलीचं डेटा फोल्डर वेगळं लिहा. आउटलुक वापरत असाल तर पीएसटी फाइलची, म्हणजे ज्यात तुमचे ईमेल साठतात त्या फाइलची, जागाही लिहा. ती उघडी असताना साधी कॉपी होत नाही, म्हणून तिची सोय वेगळी करावी लागते. जुनी पत्रं कृतिदेव किंवा श्रीलिपीत असतील तर फॉन्टचं नाव नक्की द्या. फाइल परत आली आणि फॉन्टच नसला, तर पत्राच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. घरचे फोटो, गाणी यात धरत नाही.

अर्ज मंजूर झाला की पहिल्यांदा पूर्ण कॉपी होते, नंतर रोज फक्त बदललेल्या फाइली. आमचं नेटवर्क १०० एमबीपीएसचं, म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिटचं आहे, आणि आठ बिटचा एक बाइट होतो. सेकंदाला जास्तीत जास्त १२ एमबी धरले तरी १०० जीबीला जवळपास अडीच तास लागतात. म्हणून पहिली कॉपी शनिवारी संध्याकाळी लावतो. त्या दिवशी मशीन शट डाउन करू नका, नुसतं साइन आउट करा. चोपडा, अमळनेर, शहादा शाखांची इंटरनेट लाइन हे ओझं पेलत नाही. तिथे पहिली कॉपी आम्ही डिस्कवर घेऊन येतो.

"बॅकअपचा ड्राइव्ह मला दिसत का नाही?" असं बरेच जण विचारतात. तो मुद्दामच दिसत नाही. तुमच्या मशीनला जिथे लिहिता येतं, तिथे तिच्यात शिरलेल्या खंडणीखोर व्हायरसलाही लिहिता येतं. म्हणून सर्व्हर स्वतः येऊन फाइल उचलतो. एक प्रत सर्व्हरवर, आणि दुसरी नेटवर्कपासून तोडलेल्या डिस्कवर धुळ्याच्या शाखेत. कंपनी म्हणून नोंद असलेल्यांना तर हिशोबाच्या पुस्तकांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज ठेवणं २०२२ पासून नियमानेच बंधनकारक आहे.

फाइल परत हवी असेल तर अर्ज वेगळा. फाइलचं नाव, ती कुठे होती, आणि शेवटची नीट कधी पाहिली ती तारीख. तारखेवर सगळं अवलंबून आहे, कारण जुन्या आवृत्त्या ३० दिवसच ठेवतो. फाइल बिघडल्याचं कळलं की त्याच दिवशी या. डिस्क खटखट वाजत असेल तर मशीन लगेच बंद करा आणि पुन्हा चालू करून पाहू नका.

नवा अर्ज आम्ही 'पूर्ण' म्हणून नोंदवतो तो तुमच्यासमोर तुमची एक फाइल परत आणून, उघडून दाखवल्यावरच. फाइल तुम्ही निवडायची. मग रजिस्टरमध्ये सही करा. मार्चअखेरच्या गर्दीत हे जमत नाही, तेव्हा अर्ज फेब्रुवारीतच आणून द्या.