‘इन्फिरिअर’ : दिशेचा शब्द दर्जाचा कसा झाला

ईसीजीच्या रिपोर्टवर कधीकधी ‘इन्फिरिअर वॉल एमआय’ असं लिहिलेलं असतं; एमआय म्हणजे हृदयविकाराचा झटका. शाळेत ‘इन्फिरिअर म्हणजे हलक्या दर्जाचा’ एवढंच पाठ केलेल्या माणसाला ते वाचून क्षणभर हायसं वाटू शकतं. झटका हलकाच दिसतोय, निभावलं! पण त्या शब्दाचा झटक्याच्या तीव्रतेशी काडीचाही संबंध नसतो. हृदयाची जी बाजू छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्यावर टेकलेली असते, ती त्याची खालची भिंत. त्या भिंतीचा रक्तपुरवठा तुटला, इतकंच तो शब्द सांगतो.

शरीरशास्त्रात हा शब्द अजून त्याच्या मूळ अर्थाने वावरतो. माणूस ताठ उभा आहे असं धरायचं, आणि पायांकडची बाजू ती इन्फिरिअर. मग रोगी आडवा असो की उलटा टांगलेला, त्याने फरक पडत नाही. कमरेखालचं आणि पोटातलं रक्त हृदयाकडे आणणाऱ्या नीलेचं नाव ‘इन्फिरिअर वीना केव्हा’. ही शरीरातली सगळ्यांत मोठी नीला. नाव खालचं, पण आकाराने सगळ्यांच्या वर.

मुळात लॅटिनमध्ये ‘इन्फेरुस’ म्हणजे खालचा आणि ‘इन्फेरिओर’ म्हणजे त्याहून खालचा. तमवाचक रूप ‘इन्फिमुस’, सगळ्यांत खालचा. मराठी माणसाला हे शब्द परके वाटायचं कारण नाही, कारण त्यांची सख्खी भावंडं आपल्याकडे आहेत. संस्कृतातला ‘अधर’ म्हणजे खालचा, आणि ‘अधम’ म्हणजे सगळ्यांत खालचा. संस्कृतात जिथे ‘ध’ तिथे लॅटिनमध्ये ‘फ’ हा बदल इतरत्रही दिसतो; आपला ‘धूम’ तिकडे ‘फुमुस’ होतो. इंग्रजीतला साधासुधा ‘अंडर’ही याच कुळातला. म्हणजे इंग्रजीत ‘अंडर’ हा घरचा आणि ‘इन्फिरिअर’ हा लॅटिनमधून आणलेला, अशी एकाच मुळाची दोन रोपं शेजारी शेजारी वाढली.

आपल्या दोन शब्दांचं पुढे काय झालं तेही पाहण्यासारखं आहे. ‘अधर’ आधी खालच्या ओठाचं विशेषण होता, मग एकटाच ओठ या अर्थाने वापरात आला आणि कवींच्या हाती लागून सुखात राहिला. ‘अधम’ मात्र नीच, दुष्ट या अर्थाकडे घसरला. आज ‘अधम’ म्हटल्यावर कुणाला जागा आठवत नाही, शिवीच आठवते. ‘निकृष्ट’चंही तेच: ‘कृष्’ म्हणजे ओढणं, त्यामुळे वर ओढलेलं ते उत्कृष्ट आणि खाली ओढलेलं ते निकृष्ट. खालच्या जागेवरून खालच्या प्रतीवर जाण्याची खोड एकट्या इंग्रजीची नाही.

रोमन लोकांना मात्र ही खोड निदान नकाशापुरती नव्हती. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या अखेरीस त्यांनी ऱ्हाइन नदीकाठच्या मुलखाचे दोन प्रांत केले, जर्मानिया सुपेरिओर आणि जर्मानिया इन्फेरिओर. पहिला नदीच्या वरच्या अंगाला, दुसरा समुद्राकडच्या उतारावर. आजचं कोलोन शहर ही या ‘खालच्या’ प्रांताची राजधानी होती, आणि त्यात कुणाचा अपमान नव्हता. उत्तर अमेरिकेतल्या लेक सुपीरिअरची गोष्ट याच्या उलट बाजूची. फ्रेंचांनी त्याला ‘वरचं सरोवर’ म्हटलं ते ह्युरॉन सरोवराच्या वर आहे म्हणून. ते पाचही महासरोवरांत सर्वांत मोठं असल्यामुळे आज बहुतेकांना ती थोरवीची पदवी वाटते.

‘इन्फिरिअर’ इंग्रजीत पंधराव्या शतकात दिसू लागतो तो याच अर्थाने: खालची जमीन, खालचा भाग. खगोलशास्त्राने हा अर्थ उचलला आणि अजून सोडलेला नाही. प्राचीन खगोलज्ञ टॉलेमीच्या विश्वात पृथ्वी मध्यभागी, तिच्याभोवती चंद्र, मग बुध, शुक्र, मग सूर्य, आणि त्यापुढे मंगळ, गुरू, शनी. सूर्याच्या खालच्या पायऱ्यांवरचे म्हणून बुध आणि शुक्र हे ‘इन्फिरिअर’ ग्रह. पुढे सूर्य मध्यभागी गेला, पायऱ्या मोडल्या, नाव राहिलं. आकाशातला सगळ्यांत तेजस्वी ग्रह अशा रीतीने इंग्रजीत ‘खालचा’ ठरलेला आहे. ६ जून २०१२ रोजी शुक्राचं अधिक्रमण झालं, म्हणजे सूर्यबिंबावरून एक काळा ठिपका सरकत गेला, तेव्हाच्या शुक्राच्या स्थितीलाही ‘इन्फिरिअर कंजंक्शन’च म्हणतात. मराठीत आपण अंतर्ग्रह आणि अंतर्युती म्हणतो. खाली-वर सोडून आत-बाहेर धरलं, आणि ते जास्त शहाणपणाचं झालं असं मला वाटतं.

शब्दाचं वळण बदललं सोळाव्या शतकात. पद, मान, प्रत यांनाही तो लावला जाऊ लागला. तरी बराच काळ त्यात बोच नसावी. १७८७ च्या अमेरिकी राज्यघटनेत सर्वोच्च न्यायालयाखालच्या न्यायालयांना ‘इन्फिरिअर कोर्ट्स’ म्हटलं आहे, ते केवळ उतरंड सांगायला. आज एखाद्या न्यायाधीशाला तोंडावर ‘तुमचं इन्फिरिअर कोर्ट’ म्हणून बघा!

ही बोच किती खोल गेली ते फ्रान्समध्ये दिसलं. १७९० मध्ये तिथे नवे जिल्हे आखले तेव्हा नद्यांच्या खालच्या अंगाला असलेल्यांची नावं सरळ पडली: सेन-आंफेरिअर, लवार-आंफेरिअर, शारांत-आंफेरिअर. भूगोल म्हणून ती बिनचूक होती. पण दीडशे वर्षांत शब्दाचा दुसरा अर्थ इतका वर आला की जिल्ह्यांना स्वतःचं नाव सोसवेना. शारांत १९४१ मध्ये ‘सागरी’ झाला, सेन १९५५ मध्ये ‘सागरी’ झाला, आणि लवारने १९५७ मध्ये ‘अटलांटिक’ नाव घेतलं. नद्या होत्या तिथेच होत्या, जिल्हेही हलले नाहीत.

‘इन्फिरिऑरिटी कॉम्प्लेक्स’ने शेवटचा घाव घातला. व्हिएन्नाचे मानसोपचारतज्ज्ञ आल्फ्रेड आडलर यांनी १९०७ मध्ये अवयवांच्या उणेपणावर पुस्तक लिहिलं आणि पुढे तो विचार मनाच्या उणेपणाकडे नेला. त्यांच्या जर्मन शब्दात दिशा नाहीच, ‘कमी मोलाचं असणं’ एवढंच आहे. भाषांतरात मात्र इंग्रजीने हाताशी असलेला दिशेचा शब्द वापरला, आणि तो मानसशास्त्राच्या दवाखान्यातून थेट रोजच्या बोलण्यात आला. मराठीने ‘न्यूनगंड’ केला. न्यून म्हणजे कमी. इथे आपला शब्द इंग्रजीपेक्षा मूळ जर्मनच्या जवळ जातो.

वापराची एक अडचण मराठी विद्यार्थ्यांना हमखास येते. आपण ‘याच्यापेक्षा’ म्हणतो, म्हणून हात आपोआप ‘इन्फिरिअर दॅन’कडे वळतो. बरोबर आहे ते ‘इन्फिरिअर टू’. सुपीरिअर, सीनिअर, ज्युनिअर यांचंही तसंच. हे सगळे लॅटिनमध्ये आधीच तुलनेची रूपं होती, त्यामुळे ‘मोअर इन्फिरिअर’ म्हणजे ‘अधिक जास्त’ म्हणण्यासारखं. फरक मोठा दाखवायचा तर ‘मच’ किंवा ‘फार’ लावायचं. इंग्रजीतला हा ‘फार’ योगायोगाने इथे आपल्या ‘फार’सारखाच चालतो.

मराठीत या एका शब्दाला एकच प्रतिशब्द शोधू नये. वनस्पतिशास्त्रातला अंडाशय ‘अधःस्थ’. भोपळ्याच्या मादीफुलात पाकळ्यांच्या खाली इवलासा भोपळा आधीच दिसतो, तो हाच. छपाईत पाण्याच्या सूत्रातला ओळीखाली उतरलेला दोनचा आकडाही इन्फिरिअर. तिथे ‘पायाशी लिहिलेला’ म्हटलं तरी भागतं. न्यायालय ‘कनिष्ठ’ किंवा ‘दुय्यम’. अडतं ते अर्थशास्त्रात. उत्पन्न वाढलं की जिची मागणी घटते ती ‘इन्फिरिअर गुड’, आणि तिला मराठीत सर्रास ‘निकृष्ट वस्तू’ म्हणतात. पगार वाढल्यावर माणूस बस सोडून स्वतःची गाडी घेतो, म्हणून बसप्रवास या व्याख्येत बसतो. बस नवी कोरी असेल, वेळेवर येत असेल, तरीही. ‘निकृष्ट’ वाचून विद्यार्थी मोडकी बस डोळ्यांसमोर आणतो आणि व्याख्या चुकवतो.