दत्तक आदेशानंतरची वर्षं: संकटातल्या कुटुंबांच्या मदतीचा प्रश्न कुठून आला

चादर बदलताना गादीखाली पावाचे तुकडे हाताला लागतात. वाळून कडक झालेले, काहींना बुरशी आलेली. मूल घरी येऊन तीन वर्षं झालीत आणि या घरात ते एकदाही उपाशी झोपलेलं नाही. आईने विचारलं की ते थंडपणे सांगतं, "मी नाही ठेवले." शाळेत दिवसभर शहाण्यासारखं वागतं आणि घराचं दार लागलं की दप्तर भिरकावतं, चावतं, हाताला येईल ते फोडतं. शाळा म्हणते, आमच्याकडे तर किती गुणी आहे. नातेवाईक म्हणतात, तुम्हीच लाडावून ठेवलंय.

दत्तक कुटुंबांबरोबर काम करणाऱ्यांना हे घर अनोळखी वाटणार नाही. असे आईवडील मदत मागायला बाहेर पडतात तेव्हा त्यांच्या लक्षात येतं, की न्यायालयाचा दत्तक आदेश झाला त्या दिवशीच त्यांची फाइल बंद झाली होती. ती तिथेच का बंद होते, हे समजायला जवळजवळ पावणेदोनशे वर्षं मागे जावं लागतं.

दत्तकाचा पहिला आधुनिक कायदा अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने 1851 मध्ये केला. इंग्लंड आणि वेल्समध्ये तो यायला 1926 उजाडलं. मूल कायद्याने कुणाचं, नाव कुणाचं लावायचं, जन्मदात्यांचा हक्क कधी संपतो, असे प्रश्न या कायद्यांनी सोडवले. न्यायाधीशाची सही झाली की जुनं नातं पुसलं गेलं आणि नवं सुरू झालं, अशी कल्पना होती. विसाव्या शतकात त्यात गुप्ततेची भर पडली. अनेक ठिकाणी मूळ नोंदी मोहोरबंद झाल्या. मूल दिसायला आईवडिलांसारखं असावं, म्हणजे कुणाला संशय येणार नाही, अशी जुळवाजुळव होऊ लागली. डेव्हिड कर्क या समाजशास्त्रज्ञाने 1964 मध्ये याच्या बरोबर उलट मांडणी केली. दत्तक घर आणि जन्माचं घर यांतला फरक नाकारू नका, तो मान्य केलात तरच मुलाशी मोकळं बोलता येईल, असं त्याचं म्हणणं होतं. माझ्या मते दत्तकोत्तर मदतीचा विचार खऱ्या अर्थाने इथून सुरू होतो. पण व्यवस्थेने तो कानावर घ्यायला आणखी कितीतरी वर्षं लावली.

त्या काळात दत्तक जाणारी मुलं बहुतेक तान्ही असत. इंग्लंड आणि वेल्समध्ये 1968 मध्ये जवळपास 25 हजार दत्तक आदेश झाले. हा तिथला उच्चांक. त्यानंतर आकडा झपाट्याने उतरला. गर्भनिरोधक गोळी आली, गर्भपाताचा कायदा झाला, एकट्या आईकडे बोट दाखवणं हळूहळू कमी झालं. बाळं स्वतःच्या आयांकडे राहू लागली. दत्तकासाठी उरली ती सरकारने घरातून बाहेर काढलेली मुलं. मारहाण, लैंगिक अत्याचार किंवा पराकोटीची हेळसांड सोसलेली, आणि त्यानंतर दोन-चार तात्पुरत्या घरांतून फिरलेली. दत्तक जाणारं मूलच बदललं. कायद्याच्या मनात मात्र अजून दुपट्यातलं बाळच होतं.

अमेरिकेने 1980 मध्ये अशा मुलांच्या दत्तक पालकांना केंद्राच्या पैशातून नियमित अनुदान द्यायला सुरुवात केली. हे पाऊल मोठं होतं. पण 1997 च्या कायद्याने राज्यांना प्रत्येक वाढीव दत्तकामागे 4,000 डॉलर बक्षीस लावलं, आणि 'विशेष गरजा' असलेल्या, म्हणजे वय, आजार अशा कारणांनी घर मिळणं अवघड असलेल्या मुलासाठी 6,000. मूल लवकर कायमच्या घरी जावं हा हेतू योग्यच होता. तरीही बक्षीस घर मिळवून देण्याला होतं, ते घर टिकवण्याला नव्हतं. मला हा फरक फार महत्त्वाचा वाटतो.

विज्ञान मात्र याच्या कितीतरी आधीपासून वेगळंच काही सांगत होतं. जॉन बोल्बी या मानसोपचारतज्ज्ञाने 1951 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी अहवाल लिहिला. लहानपणी एका कायमच्या, प्रेमळ माणसाचा सहवास मुलाच्या मनाच्या वाढीला अत्यावश्यक आहे, असं त्याने त्यात मांडलं. त्याचा सहकारी जेम्स रॉबर्टसन याने रुग्णालयात आईवाचून राहिलेल्या लहान मुलांचं चित्रण केलं. ती मुलं आधी रडतात, मग गप्प होतात, आणि तो गप्पपणा म्हणजे मूल 'रुळलं' असं परिचारिकांना वाटतं. त्यात हताशपणा होता, हे रॉबर्टसनने पडद्यावर दाखवलं.

त्या गप्पपणाचं सगळ्यात भयाण रूप जगाला दिसलं ते रुमानियात. चाउशेस्कू या हुकूमशहाच्या राजवटीने 1966 मध्ये गर्भपातावर जवळजवळ बंदी घातली. नको असताना जन्मलेली, गरिबीमुळे सांभाळता न आलेली मुलं सरकारी संस्थांत साठत गेली. 1989 च्या डिसेंबरमध्ये राजवट कोसळली तेव्हा अशी मुलं लाखाहून जास्त होती. आत गेलेल्या संशोधकांना सगळ्यात खटकली ती तिथली शांतता. खोलीत पाळण्यांच्या रांगा आणि रडण्याचा आवाज नाही. रडलं तरी कुणी येत नाही, एवढं ती बाळं शिकली होती.

परदेशी कुटुंबांनी यातली अनेक मुलं दत्तक घेतली. मायकेल रटर हे ब्रिटिश बालमानसोपचारतज्ज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमध्ये आलेल्या 165 मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. सहा महिन्यांच्या आत संस्थेतून बाहेर पडलेली मुलं बहुतांशी सावरली. त्याहून जास्त काळ तिथे राहिलेल्यांपैकी अनेकांच्या अडचणी मोठेपणीही टिकल्या: लक्ष न लागणं, ऑटिझमसारखी लक्षणं, परक्या माणसाच्याही सहज गळ्यात पडणं. त्यांतला साधारण पाचातला एक जण मात्र अशा अडचणींपासून दूर राहिला. बुखारेस्टमध्ये 2000 साली सुरू झालेल्या दुसऱ्या अभ्यासात संस्थांतली 136 मुलं होती. चिठ्ठी टाकावी तशी त्यांची विभागणी करून निम्म्यांना पालनकुटुंबांत, म्हणजे दत्तक न घेता मूल सांभाळणाऱ्या घरांत, ठेवलं. वयाच्या दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्यांची जवळिकीची नाती अधिक चांगली जुळली.

रटर यांच्या अभ्यासातली घरं स्थिर आणि मायेची होती. तरीही काही मुलांचे घाव भरले नाहीत. म्हणजे मूल बिथरलं की आईवडिलांच्या संगोपनात खोट शोधायची, ही सवय सोडून द्यायला हवी होती. ज्याने पहिली वर्षं भुकेत आणि भीतीत काढली, त्याच्या शरीरातली धोक्याची घंटा घर बदललं म्हणून बंद होत नाही. गादीखालचा पाव ही चोरी नसते. उद्या मिळेल याची खात्री नसलेल्या शरीराची ती तजवीज असते. दिवसभर शाळेत स्वतःला आवरून धरलेलं मूल घरी फुटतं, कारण फुटायला त्याला तेवढीच एक जागा सुरक्षित वाटते. हे आईला कुणी वेळेवर सांगितलं तर दप्तर भिरकावलं जाणं थांबत नाही, पण त्याचा अर्थ बदलतो.

असं सांगणारं माणूस जिथे नव्हतं, तिथे भलतेच लोक शिरले. अमेरिकेत 1980-90 च्या दशकांत मुलाला जबरदस्तीने धरून, दाबून ठेवून त्याच्यात 'माया निर्माण' करण्याचे तथाकथित उपचार पसरले. कोलोरॅडोत 2000 मध्ये अशाच एका 'पुनर्जन्म' उपचारात, म्हणजे चादरीत गुंडाळून 'नव्याने जन्म' घ्यायला लावताना, दहा वर्षांची दत्तक मुलगी गुदमरून मेली. पुढच्या वर्षी त्या राज्याने या प्रकारावर बंदी घातली. 2010 मध्ये सात वर्षांच्या एका मुलाला त्याच्या अमेरिकन दत्तक आईने चिठ्ठी देऊन एकट्यालाच विमानाने रशियाला परत पाठवलं. 2013 मध्ये रॉयटर्स वृत्तसंस्थेने उघड केलं, की काही पालक इंटरनेटवरून, कुठल्याही तपासणीशिवाय, दत्तक मुलं अनोळखी लोकांच्या हवाली करत होते. मुलांवर झालेल्या या अन्यायाला माफी नाही. पण यांतल्या प्रत्येक घराने त्याआधी कुणाकुणाची दारं ठोठावली असतील, हा प्रश्न माझा पाठलाग सोडत नाही.

दत्तकानंतरच्या मदतीची चर्चा इंग्लंडमध्ये बरीच पुढे गेली, म्हणून तिथलं थोडं सविस्तर. 2002 च्या कायद्याने कुटुंबाला गरजांची तपासणी मागण्याचा हक्क दिला. तपासणीत जी मदत आवश्यक ठरेल ती देण्याची सक्ती मात्र केली नाही. भूक मोजायची पण ताट वाढायचं की नाही हे स्थानिक प्रशासनाने ठरवायचं, असा तो प्रकार. ब्रिस्टल विद्यापीठातल्या ज्युली सेल्विन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास 2014 मध्ये आला. दत्तक आदेशानंतर बारा वर्षांत मूल घराबाहेर जाण्याचं प्रमाण सुमारे 3.2 टक्केच निघालं. पण सर्वेक्षणातल्या साधारण चौथाई पालकांनी, मूल घरातच असताना, अतिशय कठीण परिस्थिती असल्याचं सांगितलं. घर मोडण्याचा धोका किशोरवयात सर्वाधिक होता. मुलाकडून आईवडिलांवर, विशेषतः आईवर, होणारी मारहाण हे त्यामागचं मोठं कारण होतं. अनेकांना मदतीऐवजी दोष मिळाला होता. मार खाणाऱ्या आईने ही गोष्ट उघड करायची म्हणजे मूल काढून घेतलं जाईल ही भीती, आणि मुलाची बदनामी आपणच करतोय ही टोचणी. म्हणून अशा आया फोन करतात तो अगदी शेवटी.

मारहाणीच्या प्रश्नावर हाईम ओमेर या इस्रायली मानसशास्त्रज्ञाने शोधलेली वाट सत्याग्रहातून घेतलेली आहे. हात उगारायचा नाही, शरणही जायचं नाही. वादळ शमल्यावर आईवडिलांनी मुलाच्या खोलीत शांत बसायचं, 'हे असं चालू राहणार नाही, आणि आम्ही तुला सोडून जाणार नाही' एवढंच सांगायचं. नातेवाईक, मित्र यांना घरातली गोष्ट उघडपणे सांगून सोबतीला घ्यायचं. ब्रिटनमधल्या दत्तक कुटुंबांत ही पद्धत रुजली. मूल आणि पालक दोघांना एकत्र बसवणाऱ्या इतर थेरपीही आल्या. या सगळ्यांना वेळ लागतो, महिने नव्हे तर वर्षं, आणि मधेच थेरपिस्ट बदलला तर मूल पुन्हा पहिल्या पायरीवर जातं.

सरकारने मे 2015 मध्ये इंग्लंडसाठी दत्तक मदत निधी सुरू केला. मागणी इतकी वाढली, की पुढच्याच वर्षी एका मुलासाठी वर्षाला थेरपीचे 5,000 पौंड आणि विशेष तपासणीचे 2,500 पौंड अशी मर्यादा आली. 2025 च्या मार्चअखेर निधीची मुदत संपली, तेव्हा सुरू असलेले उपचार पुढे चालतील की नाही हे कुटुंबांना ठाऊक नव्हतं. एप्रिलमध्ये उत्तर मिळालं: निधी सुरू राहील, थेरपीची मर्यादा 3,000 पौंड, तपासणीची वेगळी रक्कम बंद. माणसं अचानक निघून जातात, हा धडा आयुष्याच्या पहिल्याच वर्षी शिकलेल्या अनेक मुलांचे थेरपीचे तास त्या वर्षी कमी झाले.