जाहिरात एकाची, तोंडात दुसरंच

येल विद्यापीठातला २००९ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग. सात ते अकरा वर्षांच्या ११८ मुलांना एकेकटं बसवून १४ मिनिटांचं कार्टून दाखवलं. समोर वाडगाभर चीजची खारी बिस्किटं आणि प्यायला पाणी. काहींच्या कार्टूनमध्ये खाण्याच्या जाहिराती होत्या, बाकीच्यांच्या कार्टूनमध्ये भलत्याच वस्तूंच्या. मुलं उठून गेल्यावर उरलेल्या बिस्किटांचं वजन केलं. खाण्याच्या जाहिराती पाहिलेल्यांनी सरासरी २८.५ ग्रॅम बिस्किटं फस्त केली होती, इतरांनी १९.७ ग्रॅम. म्हणजे ४५ टक्के जास्त.

गंमत अशी, की वाडग्यातली बिस्किटं त्या जाहिरातींत नव्हतीच. 'आम्ही फक्त गिऱ्हाईक दुसऱ्या कंपनीकडून आपल्याकडे वळवतो' हा जाहिरातदारांचा नेहमीचा बचाव इथे लंगडा पडतो. जाहिरात कशाचीही असो, हात समोर असेल त्याकडे जातो.

ब्रिटनने २००७ पासून टप्प्याटप्प्याने मुलांच्या कार्यक्रमांत साखर, मीठ, चरबी जास्त असलेल्या खाण्याच्या जाहिराती बंद केल्या. असे पदार्थ ठरवायला गुणांची पद्धत आहे, जास्त गुण म्हणजे जाहिरातीला बंदी: साखर, मीठ, संपृक्त चरबी आणि उष्मांकांचे गुण वाढतात, फळं-भाज्या, तंतू आणि प्रथिनांचे वजा होतात. ही बाजू ठीकच होती. घोळ झाला तो 'मुलांचा कार्यक्रम' ठरवण्यात. लोकसंख्येत मुलांचं जे प्रमाण, त्याच्या १२० टक्के प्रमाण प्रेक्षकांत असेल, तरच तो मुलांचा. समजा, एखादा गाण्याच्या स्पर्धेचा कार्यक्रम एक कोटी लोक पाहतात आणि त्यात दहा लाख मुलं आहेत. प्रमाण दहाच टक्के, म्हणून तो सुटला. तीन लाख पोरांचं कार्टून मात्र बंदीत सापडलं. (आपल्याकडे क्रिकेटच्या सामन्याला मुलांचा कार्यक्रम कोण म्हणेल?) तिथल्याच न्यूकॅसल विद्यापीठाच्या संशोधकांनी नंतर पाहिलं, तर नियम नीट पाळला गेला होता, मुलांच्या नजरेला पडणाऱ्या जाहिरातींत या पदार्थांचा वाटा मात्र घटला नव्हता.

म्हणून आता कार्यक्रम न बघता घड्याळ बघायचं ठरलं. जानेवारी २०२६ पासून तिथे पहाटे साडेपाच ते रात्री नऊपर्यंत टीव्हीवर अशा पदार्थांची जाहिरात बंद आहे. ऑनलाइन तर पैसे देऊन केलेली जाहिरात कधीच चालत नाही. एक फट मात्र राहिलीच. पदार्थ न दाखवता नुसतं कंपनीचं नाव आणि तिची धून वाजवायला मुभा आहे. ती धून कुठल्या खाऊची, हे सात वर्षांचं पोरसुद्धा डोळे मिटून सांगेल.