अल्सर तणावाने वाढतोय? आकडे उलटं सांगतात

‘हल्लीच्या धावपळीने आणि तिखट खाण्याने अल्सर फुटण्याचे प्रकार वाढलेत,’ असं सर्रास सांगितलं जातं. हे खरं नाही. पेप्टिक अल्सरमधून, म्हणजे जठराच्या किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीच्या अस्तरावरच्या जखमेतून, रक्तस्राव होणं किंवा जठराला, आतड्याला भोक पडणं, या दोन्ही गुंतागुंती गेल्या काही दशकांत बहुतेक देशांत कमी झाल्या आहेत. धावपळ काही कमी झालेली नाही.

खरा गुन्हेगार बहुतेक वेळा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू. ऑस्ट्रेलियात बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन या डॉक्टरांनी १९८२ मध्ये तो प्रयोगशाळेत वाढवला. अल्सर जंतूमुळे होतो हे कुणी मानेना, म्हणून १९८४ मध्ये मार्शल स्वतः तो प्यायले. त्यांच्या जठराला सूज आली. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. अँटिबायोटिक्स, आम्ल कमी करणारी औषधं आणि सुधारलेली स्वच्छता यांनी चित्र पालटलं.

पण धोका सरकलाय, तो वयस्कांकडे. आणि हे मला जास्त काळजीचं वाटतं. सांधेदुखीसाठी रोज घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या किंवा हृदयासाठीची अ‍ॅस्पिरिन जठराच्या अस्तराचं संरक्षण कमी करते. अनेकदा आधी पोट दुखतच नाही. पहिली खूण म्हणजे डांबरासारखी काळी, चिकट शौच. असं दिसलं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. हृदयासाठीची अ‍ॅस्पिरिन मात्र घाबरून परस्पर बंद करू नका; सोबत आम्ल कमी करणारी गोळी हवी का, हे डॉक्टरांना विचारा.