द्राक्षं दोन्हीकडे आहेत, पण दाखला म्हणजे बोधकथा नव्हे

आमच्या संडे स्कूलमधे मागच्या पावसाळ्यात एका नवीन पोराला मी विचारलं, येशूने दिलेला एखादा दाखला (बायबलमधे येशूने सांगितलेल्या छोट्या गोष्टींना आम्ही दाखले म्हणतो) सांग बघू, तर तो म्हणाला टीचर, रहिवासी दाखला का जन्माचा? सगळी पोरं हसली, मी पण हसले, कारण त्याच आठवड्यात त्याचे आईबाबा ऍडमिशनसाठी सरकारी ऑफिसात खेटे घालत होते, घरात दिवसरात्र दाखला दाखला चाललेलं असणार. पण नंतर बाकीच्यांनी जे सांगितलं त्याचं मला जास्त टेन्शन आलं. दाखला म्हणजे इसापनीतीसारखी गोष्ट टीचर, शेवटी तात्पर्य असतं ती. आता यात पोरांना काय बोलणार, मी स्वतः कित्येक वर्षं तसंच शिकवत होते, गोष्ट सांगायची, फळ्यावर 'तात्पर्य' लिहून पुढे एक ओळ, पोरांनी ती वहीत उतरवायची, झाला क्लास.

मी मूळची नगरकडची, लग्न होऊन म्हापशाला आले, आमची उपासना मराठीत होते, आणि गोव्यात मराठी ख्रिश्चन म्हटलं की लोक दोनदा वळून बघतात. (त्यांना सांगावंसं वाटतं, बाबांनो १६१६ साली इथंच रायतूरला थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट पाद्रीचं ख्रिस्तपुराण छापून निघालं, लिपी रोमन पण भाषा मराठी, अकरा हजारांच्या घरात ओव्या!) त्या माणसाला एक गोष्ट बरोबर कळली होती, ऐकणाऱ्याचे कान कुठल्या साच्याला सरावलेत ते. पुराणं ऐकत वाढलेल्या लोकांना त्याने पुराणच दिलं. आमचे कान शाळेच्या पुस्तकाला सरावलेत, त्यामुळे आम्ही येशूचा प्रत्येक दाखला नकळत इसापच्या साच्यात ओततो आणि मग जे बाहेर सांडतं तेच नेमकं कामाचं असतं.

दोन गोष्टी शेजारी ठेवून बघा. (दाखल्याला ग्रीकमधे जो शब्द आहे, पाराबोले, त्याचा अर्थपण तोच, शेजारी ठेवणं.) दोन्हीत द्राक्षं आहेत. पहिलीत कोल्हा उड्या मारतो, घड हाताला लागत नाही, म्हणतो आंबटच असतील. संपली गोष्ट. आता गंमत अशी की ही गोष्ट तुम्ही विसरलात तरी काही बिघडत नाही, 'कोल्ह्याला द्राक्षं आंबट' एवढी म्हण खिशात राहिली की बास, कारण बोधकथा तशीच बनवलेली असते, आतला गर काढून घेता येतो आणि साल टाकून देता येते. कोल्हा लबाड, गाढव मूर्ख, मुंगी कष्टाळू, स्वभाव आधीच ठरलेले. आणि ऐकणारा नेहमी कुंपणाच्या बाहेर उभा राहून कोल्ह्याला हसणार. मी कोल्हा आहे असं आजवर कुणाला वाटलेलं मी तरी ऐकलं नाही.

दुसरी बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायातली. द्राक्षमळ्याचा मालक उजाडता उजाडता बाहेर पडतो, आपल्याकडे सकाळी नाक्यावर पिशवीत थापी नि डबा घेऊन माणसं उभी असतात ना तिथं जातो, दिवसाचा एक दीनार ठरवून काही जण मळ्यात पाठवतो. मग नऊला परत जातो, बाराला, तीनला, आणि संध्याकाळी पाचला पण जातो, तर अजून काही जण तसेच उभे. इथं का उभे दिवसभर? कुणी कामाला लावलंच नाही. जा तुम्हीपण. तासाभराने हिशोब. आणि इथं मालक एक विचित्र गोष्ट करतो, कारभाऱ्याला सांगतो शेवटून सुरुवात कर. पाचला आलेल्यांना एक दीनार! सकाळपासून राबलेले रांगेत बघतायत, मनातल्या मनात गुणाकार चालू, आणि त्यांच्या हातावर पण एकच दीनार पडतो. ते भडकतात, दिवसभर ऊन आम्ही खाल्लं. मालक म्हणतो, ठरल्याप्रमाणे दिलं ना, मग माझ्या चांगुलपणाने तुझ्या पोटात का दुखतं?

आता लिहा तात्पर्य. उशिरा कामावर जावे? मालकाशी भांडू नये? मी पोरांना समजा आठशे रुपये हजेरी असं धरून ही गोष्ट सांगितली तर पाठच्या बाकावरून लगेच, टीचर ही तर चीटिंग आहे. मला आधी वाईट वाटलं, म्हटलं मी नीट सांगितलं नाही. मग घरी जाताना लक्षात आलं की अरे, गोष्टीतले सकाळचे मजूर पण अगदी हेच म्हणाले होते, म्हणजे तो पोरगा न कळत गोष्टीत शिरून रांगेत उभा राहिला. मालकाने सकाळच्यांना आधी पैसे दिले असते तर ते खुशीत घरी गेले असते, कुणाला काही कळलंच नसतं आणि गोष्टच झाली नसती. पैसे मुद्दाम त्यांच्यासमोर वाटले. दाखल्याची सगळी मशिनरी तिथं आहे, कुणाची बाजू घ्यायची ते तुम्ही ऐकता ऐकताच ठरवून बसता आणि मग कळतं की आपणच पकडलो गेलो.

ही ट्रिक येशूच्याही आधीची. दावीद राजाने आपल्याच सैनिकाची, उरियाची बायको घेतली आणि त्याला लढाईत मरायला पाठवलं, तेव्हा नाथान संदेष्टा जाऊन त्याला एक केस सांगतो, एका श्रीमंताकडे ढीगभर मेंढरं, गरिबाकडे एकच कोकरी, पाहुणा आला तर श्रीमंताने गरिबाची कोकरी कापली. दावीद संतापून म्हणतो त्या माणसाला मरणच पाहिजे. नाथान म्हणतो, तो माणूस तूच. बोधकथेत शेवटी वाक्य येतं, दाखल्यात बोट येतं.

तसं बोधकथेला कमी लेखायचं नाही हं. बायबलमधेच शास्ते नावाच्या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात पक्की बोधकथा आहे, झाडं राजा शोधायला निघतात, जैतून, अंजीर, द्राक्षवेल नाही म्हणतात आणि काटेरी झुडूप लगेच तयार होतं. तिचा वार पण जबरदस्त आहे, इलेक्शन आलं की मला तीच आठवते. फक्त तिचं काम वेगळं.

सगळ्यात जास्त वाट आपण लावलीय ती चांगल्या शोमरोन्याची. एक माणूस यरुशलेमहून यरीहोला चाललाय, लुटारू त्याला मारून अर्धमेला टाकून जातात, याजक म्हणजे मंदिरातला पुरोहित बघून पुढे जातो, लेवी म्हणजे मंदिराचा सेवेकरी बघून पुढे जातो, आणि शोमरोनी थांबतो, जखमांवर तेल नि द्राक्षारस ओततो, स्वतःच्या जनावरावर घालून उतारशाळेत नेतो, दोन दीनार देतो, वर म्हणतो जास्त लागले तर येताना देईन. तात्पर्य, संकटात सापडलेल्याला मदत करावी. चूक आहे का? नाही. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात जी दुरुस्ती झाली तिच्यात अपघातात मदत करणाऱ्याला संरक्षण दिलंय आणि त्याला शब्दच 'गुड समॅरिटन', म्हणजे हाच चांगला शोमरोनी, वापरलाय, छानच झालं, आमच्या हायवेवर तर फार गरजेचं. पण शोमरोनी म्हणजे मदत करणारा असा अर्थ रूढ झाला आणि गोष्टीचा काटाच निघून गेला. कारण ऐकणाऱ्या यहुद्यांना शोमरोनी म्हणजे भ्रष्ट, ज्यांच्याशी व्यवहार नको असे लोक. ही गोष्ट लूकच्या शुभवर्तमानात आहे, तिथं याच्या एकच अध्याय आधी शोमरोन्यांचं एक गाव येशूला उतरू देत नाही आणि त्याचे शिष्य याकोब नि योहान म्हणतात, आकाशातून आग पाडून जाळून टाकू का यांना. एवढं ताजं भांडण! आणि लगेच पुढच्या अध्यायात हिरो कोण, तर शोमरोनी. 'माझा शेजारी कोण' असं एका शास्त्र्याने, म्हणजे धर्मशास्त्राच्या जाणकाराने, विचारलं म्हणून तर ही गोष्ट सांगितली, आणि गोष्टीनंतर येशू त्यालाच विचारतो तिघांपैकी त्याचा शेजारी कोण झाला, तर त्या बिचाऱ्याच्या तोंडून 'शोमरोनी' हा शब्द निघत नाही, म्हणतो ज्याने दया केली तो.

मी एकदा ही गोष्ट गोव्यात आणून सांगितली. म्हापशाजवळ हायवेवर स्कूटरवाला पडलाय, गावातला प्रतिष्ठित माणूस गाडीतून बघून जातो, चर्चमधला मोठा माणूस जातो, आणि थांबतो कोण तर बाहेरून आलेला ट्रक ड्रायव्हर, ज्याला इथं सगळे घाटापलीकडचा म्हणून हिणवून घाटी म्हणतात. 'घाटी' हा शब्द मी बाजारात स्वतःबद्दल कितीदा ऐकलाय त्याचा हिशोब नाही, त्यामुळे सांगताना मला आतून जाम मजा येत होती. क्लासनंतर एक म्हातारी मावशी, पोरांना सोडायला येते, ती हळूच म्हणाली, बाई गोष्ट छान, पण तुमच्या गोष्टीत हिरो तुम्हीच झालात की. मी गप्पच. खरंच होतं, मी दाखल्याची परत बोधकथा करून ठेवली होती आणि कुंपणाबाहेर उभी राहून हसत होते. शोमरोनी तो, जो मदतीला आलेला मला आवडणार नाही. माझ्यापुरतं बघायचं तर खड्ड्यात मी पडलेली पाहिजे आणि थांबणारी ती बाई पाहिजे जिने मासळी बाजारात मला सगळ्यांसमोर घाटी म्हणून हाकललं होतं. तिच्या स्कूटरवर बसून मला हॉस्पिटलात जावं लागलं तर? अजून मला ती गोष्ट मनात पूर्ण सांगता येत नाही.

काही दाखले तर एका वाक्याचे. एका बाईने खमीर घेऊन तीन मापं पिठात लपवलं आणि सगळं फुगलं. बस. आता आमची पोदेराच्या म्हणजे गोव्यातल्या पाववाल्याच्या पावावर वाढणारी पोरं, जुनी माणसं सांगतात पूर्वी पीठ सूर म्हणजे ताडी घालून फुगवायचे, त्यांना खमीर म्हणजे घमघमाट. पण वल्हांडण सणाला यहुदी घरातून खमीर शोधून शोधून बाहेर काढतात, बऱ्याच ठिकाणी तो अशुद्धतेसाठीच वापरलेला शब्द आहे, आणि येशू म्हणतो देवाचं राज्य या खमिरासारखं. आणि लूकच्या सोळाव्या अध्यायातला अन्यायी कारभारी घ्या, नोकरी जाणार कळल्यावर मालकाच्या कुळांना बोलावून शंभर माप तेलाचं पन्नास लिही, शंभर माप गव्हाचं ऐंशी लिही असं करतो, आणि मालक त्याच्या हुशारीचं कौतुक करतो! याचं तात्पर्य पोरांच्या वहीत लिहून दिलं तर उद्या पालक मला शोधत येतील.

आता कुणी म्हणेल पेरणाऱ्याच्या दाखल्याचा (बी वाटेवर, खडकावर, काट्यांत आणि चांगल्या जमिनीत पडतं तो) अर्थ तर येशूने स्वतः फोडून सांगितला. बरोबर. पण तो नंतर, शिष्यांनी विचारल्यावर, गर्दीला नाही. आणि अर्थ सांगितल्यावर पण वाट, खडक, काटे, चांगली जमीन यातली मी कुठली हे बाकी राहतंच. काही दाखल्यांच्या शेवटी एखादी ओळ येते, 'शेवटचे ते पहिले होतील' वगैरे, तिला तात्पर्य म्हणून चिकटवायचा मोह होतो, पण द्राक्षमळ्याला ती लावून बघा, प्रश्न वाढतो का कमी होतो. आपल्या मराठीत पण महानुभावांच्या दृष्टांतपाठात चक्रधरांचे दृष्टांत आहेत, तिथं सूत्र, मग दृष्टांत, मग दार्ष्टांतिक म्हणजे तो कुठं लागू होतो ते, अशी मांडणी असते, ती मला फार आवडते, हत्ती नि आंधळे तिथंच आहेत. येशूच्या बहुतेक दाखल्यांत तो तिसरा भाग कोरा सोडलाय एवढंच. ऑगस्टीनसारख्या मोठ्या संताने तो कोरा भाग भरायला घेतला तर जखमी माणूस म्हणजे आदाम, उतारशाळा म्हणजे मंडळी, चर्च, असं सगळ्याला लेबल लावलं, भक्तिभावाने लावलं यात शंका नाही, पण मग ट्रक ड्रायव्हर आणि बाजारातली ती बाई कुठं बसणार त्यात.

तर हल्ली मी फळ्यावर तात्पर्य लिहीत नाही. गेल्या महिन्यात उधळ्या पुत्राची गोष्ट घेतली, आणि नेहमी जिथं थांबतो, वाट्याचा पैसा उधळून धाकटा परत आला, बापाने मिठी मारली, पुष्ट वासरू कापलं, तिथं न थांबता शेवटपर्यंत वाचली. थोरला शेतावरून येतो, नाचगाण्याचा आवाज ऐकतो, रागाने अंगणातच उभा राहतो, मी इतकी वर्षं राबलो तर मला साधं करडू दिलं नाहीस म्हणतो, बाप बाहेर येऊन समजावतो, आणि लूक तिथंच थांबतो. मी पुस्तक मिटलं. पोरं वाट बघतायत. मग रहिवासी दाखलावालाच म्हणाला, टीचर, मागीर तो भितर गेलो काय ना? (मग तो आत गेला की नाही?)

म्हटलं तू सांग.

त्याने जरा विचार केला. गेलो आसतलो टीचर, म्हणे, ताका भूक लागल्या आसतली, दीसभर शेतांत आसलो न्हय तो.