स्थानिक स्वराज्य संस्थांचे सबलीकरण आणि शाश्वत विकास (नाशिक जिल्हा)

ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगरपरिषद आणि महानगरपालिका या लोकांनी निवडून दिलेल्या संस्थांना कामे, पैसा, माणसे आणि निर्णयाचा अधिकार देऊन पाणी, जमीन, जंगल व आरोग्य यांची घडी पुढच्या पिढीपर्यंत टिकेल अशी बसवण्याची प्रक्रिया. विकसनशील देशांत तिला विशेष महत्त्व आहे, कारण तेथे योजना बहुधा राजधानीत आखल्या जातात आणि त्यांची मोडतोड गावात होते. टाकी बांधणारा ठेकेदार काम संपले की निघून जातो. व्हॉल्व्ह गळू लागला, मोटर जळाली किंवा विजेचे बिल थकले की प्रश्न गावाच्या गळ्यात येतो. शाश्वत विकासाचे खरे काम बांधकामाइतकेच, किंबहुना त्याहून जास्त, देखभाल-दुरुस्तीचे आहे. ती रोजच्या रोज करू शकेल अशी यंत्रणा स्थानिक संस्थेखेरीज दुसरी नाही. ही गोष्ट भल्या-बुऱ्या दोन्ही बाजूंनी नाशिक जिल्ह्यात स्पष्ट दिसते.

जिल्ह्यात १५ तालुके, नाशिक व मालेगाव या दोन महानगरपालिका आणि तेराशेहून अधिक ग्रामपंचायती आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ६१ लाखांवर होती, त्यांपैकी सुमारे १४ लाख ८६ हजार लोक नाशिक शहरात राहत होते. पश्चिमेला इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा हा सह्याद्रीचा धो-धो पावसाचा पट्टा. पूर्वेला येवला, नांदगाव, सिन्नरचा बराचसा भाग अवर्षणप्रवण. मधल्या निफाड-दिंडोरीत द्राक्षबागा. एकाच जिल्हा परिषदेला इतक्या वेगळ्या तीन मुलखांचा कारभार पाहावा लागतो, म्हणून वरून आलेला एकच साचा इथे सगळीकडे बसत नाही.

फड पद्धती : जुनी स्थानिक व्यवस्था

लोकांनी मिळून कारभार करणे या भागाला नवे नाही. बागलाण तालुक्यात मोसम आणि आरम या नद्यांवर, तसेच शेजारच्या धुळे जिल्ह्यात पांझरेवर, फड नावाची सिंचन पद्धती काही शतके चालत आली. नदीवर दगडी बंधारा, त्यातून निघणारा पाट आणि पाटाखालच्या जमिनीचे साधारण चार फड. एका फडात एकच पीक घ्यायचे आणि दरवर्षी फेरपालट करायचा. शेतकऱ्याची जमीन सहसा प्रत्येक फडात थोडी थोडी असे, त्यामुळे कोणी कायमचा पाटाच्या डोक्याला (वरच्या टोकाला) आणि कोणी कायमचा शेपटाला (शेवटच्या टोकाला) राहत नसे. टंचाईच्या वर्षी एखाद-दुसराच फड भिजवायचा ठरले, तरी प्रत्येकाच्या वाट्याला काही ना काही ओलीत येई. पाणी सोडणारा पाटकरी, पिकांची राखण करणारा जागल्या आणि या सर्वांवर देखरेख ठेवणारा हवालदार. त्यांचा मोबदला धान्यात मिळे. पावसाळ्यानंतर पाटातला गाळ काढायला घरटी माणूस द्यावा लागे.

या व्यवस्थेत जातिभेद होता, स्त्रियांना स्थान नव्हते आणि भूमिहीन तर हिशेबातच नव्हते, हे विसरून तिचे गोडवे गाऊ नयेत. तरीही तिच्या मांडणीत एक पक्के सूत्र होते : पाण्याचा हक्क, गाळ काढण्याची जबाबदारी आणि पाटकऱ्याची मजुरी या तिन्ही गोष्टी एकाच समूहाच्या हाती होत्या. पुढे धरणे आणि कालवे सरकारचे झाले, तसा हक्क एकीकडे आणि जबाबदारी दुसरीकडे गेली.

कायद्याची चौकट

नाशिकची नगरपालिका १८६४ ची. व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या ठरावाने स्थानिक स्वराज्याचे तत्त्व मान्य केले. स्वातंत्र्यानंतर बलवंतराय मेहता समितीने (१९५७) त्रिस्तरीय पंचायत राज्य सुचवले. महाराष्ट्राने वसंतराव नाईक समितीच्या अहवालावरून १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम केला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा कामाला लागल्या. नाशिक महानगरपालिका १९८२ मध्ये स्थापन झाली.

७३ व्या घटनादुरुस्तीने (२४ एप्रिल १९९३ पासून अंमल) पंचायतींना आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने (१ जून १९९३) नागरी संस्थांना घटनात्मक दर्जा मिळाला. अकराव्या अनुसूचीत २९ आणि बाराव्या अनुसूचीत १८ विषय आले. महिलांसाठी एक तृतीयांश राखीव जागा आल्या. महाराष्ट्राने २०११ पासून ते प्रमाण निम्म्यावर नेले. विषय सोपवायचे की नाही, आणि किती, हे मात्र राज्यांच्या मर्जीवर राहिले. पुढची तीस वर्षे याच फटीतून गेली आहेत.

पाण्याची नळी

सबलीकरण म्हणजे काय, हे पाहायला एखाद्या गावचा जलसुरक्षक सकाळी काय करतो ते पाहावे. टाकीत टीसीएल (पाणी निर्जंतुक करणारी क्लोरिनची) पावडर किती टाकायची याचा त्याचा अंदाज असतो. मग तो गावाच्या अगदी शेवटच्या नळावर जातो, काचेच्या छोट्या नळीत पाणी घेतो, ओटीचे (क्लोरिन तपासणाऱ्या ऑर्थोटोलिडीन द्रावणाचे) दोन थेंब टाकतो आणि नळी उजेडात धरतो. पाणी पिवळसर झाले तर क्लोरिन शेवटपर्यंत पोहोचले आहे. लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम उरले पाहिजे. रंग आला नाही तर जलवाहिनी कुठे तरी गळते आहे किंवा पावडरीची मात्रा कमी पडली आहे. नोंद वहीत होते. एवढ्या साध्या कामावर गावात गॅस्ट्रोची साथ येणार की नाही हे ठरते, आणि हे काम करणारा माणूस तुटपुंज्या मानधनावर राबत असतो.

संयुक्त राष्ट्रसंघाच्या २०१५ च्या १७ शाश्वत विकास उद्दिष्टांपैकी सहावे उद्दिष्ट शुद्ध पाणी व स्वच्छतेचे आहे. दिल्लीतून आलेली जलजीवन मोहीम (२०१९) माणशी रोज ५५ लिटर पाण्याचे वचन देते. पण ते उद्दिष्ट आणि ते वचन त्या काचेच्या नळीतच खरे किंवा खोटे ठरते.

सह्याद्रीच्या माथ्यावरच्या गावांत ही विसंगती फार टोचते. इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाणा इथे पाऊस मुबलक, पण खडक काळा बेसाल्ट आणि उतार तीव्र, म्हणून पाणी वाहून जाते. उन्हाळ्यात बायका डोक्यावर हंडे घेऊन झऱ्याची वाट धरतात आणि पाड्यांवर टँकरची वाट पाहिली जाते. २०२२ च्या अखेरीस सुरगाण्याच्या सीमेवरील काही गावांनी सोयी मिळत नसल्याने गुजरातमध्ये जाण्याची मागणी केली. भावनेच्या भरात उठलेला विषय म्हणून तिची बोळवण करता येणार नाही. ज्या सरकारशी रोज गाठ पडते ते जवळचे सरकार हतबल असले की दूरच्या सरकारवरचा विश्वासही उडतो.

पाडा आणि पेसा

पेठ, सुरगाणा, कळवण हे तालुके आणि दिंडोरी, इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, नाशिक, बागलाण यांचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात (घटनेनुसार जाहीर केलेल्या आदिवासी भागात) येतो. इथली ग्रामपंचायत बहुधा गट ग्रामपंचायत असते : एका नावाखाली दूरदूरचे अनेक पाडे. ग्रामपंचायतीचे कार्यालय एका पाड्यावर आणि सभेला यायचे तर बाकीच्यांना डोंगर उतरून यावे लागते. १९९६ च्या पेसा कायद्याने (अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींच्या कायद्याने) इथल्या ग्रामसभेला पाणी, गौण वनोपज, गौण खनिजे व गावच्या साधनसंपत्तीवर अधिकार दिले. महाराष्ट्राने त्याचे नियम २०१४ मध्ये केले, म्हणजे अठरा वर्षांनी. त्या नियमांत एक मोलाची तरतूद आहे : पाड्याला स्वतंत्र गाव म्हणून घोषित करून घेता येते, आणि मग त्याची ग्रामसभा वेगळी भरते. २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतील पाच टक्के निधी पेसा ग्रामपंचायतींना थेट मिळू लागला. २००६ च्या वनहक्क कायद्याखालील सामूहिक दाव्यांची जोड मिळाली, तर जंगल राखण्याचा आणि त्यातून जगण्याचा हक्क एकाच सभेत येतो. फडाच्या बंधाऱ्यावर जे सूत्र होते तेच इथे परत भेटते.

अडचण कागदाची आहे. प्रोसिडिंग (सभेचे इतिवृत्त) लिहायचे कोणी, कोकणा-महादेव कोळी-वारली घरांतल्या बायका बोलतात ते त्यात उतरते का, आणि दोन-तीन ग्रामपंचायतींचा भार वाहणारा ग्रामसेवक पाड्यावर पोहोचणार कधी? प्रशिक्षण या शब्दाचा अर्थ जिल्ह्याच्या ठिकाणी दिवसभर बसवलेली शिबिरे असा झाला आहे. पाड्यावर येऊन, वर्षभर सोबत राहून लिहायला-वाचायला मदत करणारा माणूस मिळाला, तर त्याचा उपयोग कितीतरी अधिक होईल.

पैसा

ग्रामपंचायतीचे स्वतःचे उत्पन्न म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती कर आणि बाजाराचे भाडे. त्यातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्चणे बंधनकारक आहे. चौदाव्या वित्त आयोगाने (२०१५–२०) केंद्राचा निधी थेट ग्रामपंचायतीच्या खात्यात आणला, आणि ‘आमचं गाव, आमचा विकास’ या नावाने गावाचा आराखडा करण्याची पद्धत रुळली. पंधराव्या आयोगाने बराचसा पैसा पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिला. बांधील निधीचा फायदा असा की पेव्हर ब्लॉक आणि कमानींच्या हव्यासातून पाणी वाचते. तोटा असा की ज्या गावाचे पाणी ठीक आहे पण शाळेचे छत गळते, त्याचे हात बांधले जातात.

शहराची कथा वेगळी. २०१३ पर्यंत नाशिकच्या नाक्यांवर जकात होती. मग स्थानिक संस्था कर आला, तोही जाऊन १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला. तेव्हापासून उत्पन्नाचा मोठा भाग राज्य सरकार दरमहा भरपाई म्हणून देते. पैसा नियमित मिळतो हे खरे, पण आपल्या पेठेतली उलाढाल वाढली की आपली तिजोरी भरते, हा धागा तुटला. उरली घरपट्टी. २०१८ मध्ये महापालिकेने नव्या बांधकामांचे आणि मोकळ्या जागांचे करयोग्य मूल्य एकदम वाढवले तेव्हा शहर आणि मळ्यांतले शेतकरी रस्त्यावर आले. कर वाढवण्याला लोक विरोध करतात तो नेहमीच कंजूषपणा नसतो. पैसा कुठे जातो हे दिसले, आणि वाढ टप्प्याटप्प्याने आली, तर लोक भरतात. ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रे शहराने १९८९ पासून लोकांना अंदाजपत्रकात बसवले ते याच विचाराने, आणि केरळने १९९६ च्या लोकयोजना मोहिमेत राज्याच्या योजना खर्चाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक भाग स्थानिक संस्थांकडे दिला.

शहर आणि गोदावरी

महानगरपालिकेत कार्यकारी अधिकार राज्याने नेमलेल्या आयुक्तांकडे असतात, महापौर अडीच वर्षांचा आणि मुख्यतः सभागृहाचा प्रमुख. त्यातच कामे वाटली गेली आहेत : २०१६ मध्ये शहर स्मार्ट सिटी योजनेत आले, तेव्हा वेगळी कंपनी झाली. शहराबाहेरच्या गावांत नियोजनासाठी महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आहे. कुंभमेळ्यासाठी २०२५ मध्ये आणखी एक प्राधिकरण आले. प्रत्येकामागे घाईचे कारण होते, पण बारा वर्षांनी येणारा मेळा उठून गेल्यावर घाट, गटारे आणि मलनिस्सारण केंद्रे महापालिकेलाच सांभाळावी लागतात. २००३ च्या सिंहस्थाच्या तयारीत गोदापात्रातल्या कुंडांच्या तळाशी काँक्रीट पडले, जिवंत झरे बुजले असे नदीप्रेमी सांगत राहिले, आणि पुढे तेच काँक्रीट काढण्याचे काम हाती घ्यावे लागले. एकदा ओतण्याचा आणि एकदा फोडण्याचा असा दुहेरी खर्च शहराने सोसला. पंचवटीतल्या जुन्या पुरोहितांना आणि काठावरच्या धोब्यांना आधी विचारले असते तर झऱ्यांच्या जागा त्यांनी बोट दाखवून सांगितल्या असत्या.

चांगल्या बाजूने, घराघरांतून कचरा गोळा करणारी घंटागाडी नाशिकने इतर अनेक शहरांच्या आधी चालवली, आणि सार्वजनिक शौचालयांतला मैला व हॉटेलांतले उरलेले अन्न एकत्र कुजवून वीज करण्याचा प्रकल्प जर्मन मदतीने उभा केला. बाहेरची मदत कशी घ्यावी याचे हे बरे उदाहरण. यंत्र बाहेरून आले, तरी ओला कचरा वेगळा देण्याची सवय इथल्याच हॉटेलवाल्यांना लावावी लागते.

मार्च २०२२ मध्ये नाशिक महानगरपालिका आणि जिल्हा परिषद या दोन्हींची मुदत संपली. इतर मागास वर्गाच्या आरक्षणाच्या वादात निवडणुका अडकल्या आणि तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकच कारभार पाहत होते. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाला निवडणुका घ्या असे सांगावे लागले. प्रशासक कार्यक्षम असतील, पण प्रभागातल्या बाईला पाणी आले नाही तर रात्री कोणाचे दार वाजवायचे, याचे उत्तर त्या काळात नव्हते. सबलीकरणाची पहिली अट वेळेवर निवडणूक ही आहे, बाकी सगळे त्यानंतर येते.

एका संस्थेच्या आवाक्याबाहेरचे

ब्रह्मगिरीवर उगम पावलेली गोदावरी त्र्यंबकेश्वर नगरपरिषदेच्या हद्दीतून निघते, गंगापूर धरणात थांबते, नाशिक शहरातून नासर्डी, वाघाडी, वालदेवीचे पाणी घेते, अनेक ग्रामपंचायतींच्या शिवारांतून नांदूरमध्यमेश्वरला पोहोचते (२०२० मध्ये जाहीर झालेले महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आणि पुढे जायकवाडीला जाते. वरच्या संस्थेने सांडपाणी सोडले की त्याची शिक्षा खालच्या गावाला होते, आणि त्या गावाला वरच्या संस्थेत मत नसते. गोदावरीच्या प्रदूषणावरील जनहित याचिका २०१२ पासून मुंबई उच्च न्यायालयात गेली ती त्यामुळेच.

हद्दी ओलांडून एकत्र येण्याचा नमुना जिल्ह्यातच आहे. दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड धरणाच्या कालव्याचे शेपूट ओझरला. तिथे पाणी पोहोचतच नव्हते. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ओझरच्या शेतकऱ्यांनी पाणी वापर संस्था काढल्या, पाणी मोजून घ्यायला सुरुवात केली, बाणगंगेवरचे बंधारे कालव्याच्या पाण्याने भरून विहिरी जिवंत केल्या. हळूहळू वरच्या गावांतही संस्था झाल्या आणि सर्व संस्थांचा मिळून एक प्रकल्पस्तरीय संघ उभा राहिला. २००५ मध्ये राज्याने शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा कायदा केला. आवर्तन (कालव्याच्या पाण्याची पाळी) सुटण्याआधी सगळ्या संस्थांचे लोक एकत्र बसून कोणाला किती घनमीटर हे ठरवतात, आणि पाटावरचे पाणी मोजण्याचे काम ज्याच्याकडे असते त्याला गावकरी अजूनही पाटकरीच म्हणतात.